वेंडेल हापाला आणि उत्तराचे पाच पर्याय

वेंडेल हापालाने आयुष्यभर कागदाची परीक्षा घेतली. आमच्या गावच्या कागद गिरणीत तो चाचणीच्या टेबलावर होता. यंत्रावरून गुंडाळी उतरली की तिची पट्टी कापायची, वजन करायचं, दोन्ही टोकं चिमट्यांत धरून फाटेपर्यंत ओढायची, दिव्याखाली तिचा पांढरेपणा बघायचा आणि आकडे लिहायचे. त्याचे हात बारा महिने कोरडे असत. हात मिळवला की वाटायचं, सालपट धरलंय.

त्याच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. एकदा माल भरून ट्रक उभा होता आणि एका गुंडाळीची चाचणी राहून गेली होती. साहेब खाली आला. म्हणाला, "टाक रे एखादा आकडा. कालच्यासारखीच असणार."

"मग कालच पाठवायची होती," वेंडेल म्हणाला.

ट्रक थांबला. गुंडाळी उतरवली गेली. ती कालच्यासारखीच निघाली. साहेब त्याच्याशी पुढे कित्येक महिने बोलला नाही, आणि वेंडेलला ते कळलंही नसावं. तो मुळातच कमी बोलायचा. आमच्याकडची, फिनलंडहून येऊन वसलेल्या घराण्यांतली माणसं अशीच असतात. पण वेंडेल त्यांच्यातही कमी बोलायचा.

गिरणी बंद झाली तेव्हा तळ्यावर अजून बर्फ होता. धुराडं थंड पडलं आणि गावाला कळलं, की आपण इतकी वर्षं ज्या वासाला नाकं मुरडत होतो तो वास म्हणजेच आपण होतो. बंद गिरणीच्या लोकांना सरकार नवं काम शिकवणार होतं. दोन वर्षं. त्यापुढे एक दिवस नाही. वेंडेलने पाणी शुद्धीकरणाचा अभ्यासक्रम निवडला. तिथेही नमुने घ्यायचे होते, मोजायचं होतं, लिहायचं होतं. गावच्या पाणी केंद्रातला म्हातारा निवृत्त होणार होता. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काम हवं असेल तर दक्षिणेला मोटारींच्या कारखान्यांकडे जावं लागलं असतं, आणि ते कारखाने तेव्हा माणसं काढत होते.

मधे फक्त गणिताची चाचणी होती.

ती चाचणी माझ्या खोलीत होते. विद्यापीठाची आमच्या गावात एक शाखा आहे. तिथे मी बावीस संगणकांच्या खोलीवर लक्ष ठेवते. दर उन्हाळ्यात शाळा संपवून आलेली मुलं येतात, पडद्यासमोर बसतात आणि संगणक ठरवतो, की गणिताच्या कुठल्या पायरीपासून यांना सुरुवात करू द्यायची. खालची पायरी म्हणजे शाळेचंच गणित पुन्हा, वर्षभर. मधली म्हणजे बीजगणित येतं, पुढे चला. वरची हुशारांची. मुलांना खालच्या पायरीचं काही वाटत नाही. त्यांच्याकडे वर्षं पडलेली असतात. वेंडेलचं तसं नव्हतं. पाण्याच्या अभ्यासक्रमाला मधली पायरी लागत होती. खालची मिळाली तर दोनाची तीन वर्षं होणार, तीन वर्षांना सरकार मंजुरी देत नाही. म्हणजे संपलंच.

चाचणीची रीत अशी. पडद्यावर एका वेळी एक प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर पुढचा जरा अवघड, चुकलं तर जरा सोपा. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडून देता येत नाही. पाच पर्याय असतात, त्यातला एक निवडावाच लागतो. खोलीत मी कुणाशीही प्रश्नांबद्दल बोलायचं नाही. ओळखीचा असो वा सख्खा भाऊ, सगळ्यांना 'तुम्ही'.

वेंडेलच्या आधी लेस्टर मॅकी बसून गेला होता. गिरणीत दोघांची पाळी एकच. लेस्टरला खालची पायरी मिळाली. त्याच शनिवारी सगळे पुरुष हापालांच्या सौनात, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या खोलीत, बसले होते. माझा नवरा रॉय तिथे होता, त्याच्याकडूनच मला हे कळलं.

"ती परीक्षा नाहीच रे," लेस्टर दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "लिफ्ट आहे. अवघड आलं की समजायचं वर चाललोय. सोपं आलं की गेलास तळघरात."

"तुला कसं कळलं तळघर आलं म्हणून?" रॉयने विचारलं.

"शेवटी त्याने मला विचारलं, पाव डझन म्हणजे किती."

वाफेत सगळे खो खो हसले. "आलं ना पण बरोबर?"

"कसलं येतंय! म्हटलं, एवढं सोपं विचारतोय म्हणजे यात काहीतरी खोच असणार. बसलो विचार करत."

पुन्हा हसले. वेंडेल हसला नाही. त्याने विचारलं, "सोपं यायला लागल्यावर परत वर येता येतं?"

"माझं तर नाही आलं," लेस्टर म्हणाला. महिन्याभरात तो लाकडाचा ट्रक चालवायला शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात निघून गेला.

उन्हाळाभर वेंडेल स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बीजगणित करत होता. समोर त्याची बायको कार्लीन बटाटे सोलत किंवा पिठाच्या पाऱ्या लाटत प्रश्न विचारायची. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबून आल्यावर हे. एक दिवस आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी ती मला म्हणाली, "मार्लिस, त्याला 'एक्स' आवडतो गं. मी विचारलं, एक्स म्हणजे तरी काय रे? तर म्हणतो, काट्यावर ठेवायच्या आधीची पट्टी. वजन आहेच, फक्त आपल्याला अजून माहीत नाही."

"चांगलं आहे की."

"चांगलं काय? एकेका गणिताला तास लावतो. येतं त्याला. पण उत्तर आल्यावर ते परत उलटं करून बघतो, मग परत सुलटं. असं केलं तर तिथे व्हायचं कसं?"

मी तिला सांगितलं, की वेळेची मर्यादा नाही, खोली बंद होईपर्यंत बसता येतं. एवढं सांगायला हरकत नव्हती. तेवढं माहितीपत्रकात छापलेलंच होतं.

तो ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आला. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्याने शेवटपर्यंत अभ्यास केला होता. इस्त्रीचा सदरा घातला होता, अंत्यविधीला घालतो तो. बरोबर सहासात मुलं होती, चपला फटफटवत आलेली. मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले. चाचणी याच बैठकीत पूर्ण करायची. मधे उठून गेलात तर गुण मिळणार नाहीत. खोली पाचला बंद.

"हापाला, तुम्ही नऊ नंबरला बसा," मी म्हणाले.

"तुम्ही?" तो म्हणाला. "गेल्या रविवारी माझ्या अंगणात बसून तीन वाट्या मासळीचं सार प्यायलीस तेव्हा 'तू' होतो."

"इथे तुम्ही."

"बरं बाई. तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या टेबलावरच्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव दिसतं आणि तो चाचणीच्या कुठल्या विभागात आहे एवढं दिसतं. प्रश्न दिसत नाहीत. सगळे बीजगणितात होते. मुलं टकटक करत होती. एक मुलगी तर अर्ध्या तासात उठली, खालची पायरी घेऊन, फोनवर कुणाला तरी "झालं गं एकदाचं" म्हणत बाहेर पडली. दुपार कलली तशी खोली रिकामी होत गेली. वेंडेलची पेन्सिल चालू होती. तो उत्तर काढत होता, उलटं करून बघत होता, मगच दाबत होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मान ताठ होती, म्हणजे प्रश्न अवघड होते. म्हणजे ठीक होतं.

मग माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढचा विभाग बदलला.

बीजगणित संपलं होतं. आता लिहिलं होतं: महाविद्यालयीन बीजगणित. म्हणजे संगणकाने त्याला वरच्या विभागात ढकललं होतं. मधली पायरी त्याच्या पायाखाली होती. तो शेवटपर्यंत बसला, तर ती कुणी काढून घेऊ शकणार नव्हतं.

मी नऊ नंबरकडे पाहिलं. वेंडेल पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या मानेतला ताठा गेला होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली. खुर्ची मागे सरकवली. मग हात वर केला.

मी गेले. नियमाप्रमाणे मी प्रश्नाकडे बघायचं नसतं, पण पडदा समोर असताना डोळे कुठे ठेवणार. नव्या विभागाचा पहिला प्रश्न होता, नेहमी असतो तसा, खडा टाकून बघण्यापुरता: एफ ऑफ एक्स म्हणजे एक्स अधिक तीन. तर एफ ऑफ दोन किती?

"बंद कर हे," तो हळू म्हणाला. "झालं माझं."

"चाचणी पूर्ण झालेली नाही."

"दोन आणि तीन किती, असं विचारतोय मला. अक्षरं नवी आहेत, पण प्रश्न तोच. मार्लिस, मी इतका वेळ घाम काढला आणि आता दोन आणि तीन." त्याचा आवाज साधा होता. पट्टी फाटल्यावर आकडा वाचतो तसा. "लेस्टरने सांगितलं होतं. तळघर."

एक शब्द पुरला असता. पण त्या खोलीत मी तो शब्द बोलले असते तर चाचणी रद्द झाली असती आणि त्याचं होतं तेही गेलं असतं. तो उभा राहिला होता. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा सदऱ्याच्या खिशातल्या गाडीच्या किल्लीवर.

"हापाला," मी म्हणाले, "मला प्रश्नाबद्दल बोलता येत नाही. पण पडद्यावर जे काही छापलेलं आहे ते सगळं वाचायचा तुम्हाला हक्क आहे. वरपासून."

"वाचलं की."

"वरपासून."

तो वाकला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. प्रश्नाच्या वर, बारीक अक्षरांत, विभागाचं नाव होतं. त्याने ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. तो संशयी माणूस. चूक झाली असेल असंच त्याला आधी वाटलं असणार.

"हे काय आहे?"

"मला सांगता येत नाही."

"हे आधी नव्हतं. हे वर की खाली?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी खिडकीबाहेर वाहनतळाकडे. तिथे कार्लीन गाडीत बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन. वेंडेलनेही तिकडे पाहिलं आणि मग खुर्ची पुढे ओढून बसला. पाच हे उत्तर दाबलं.

मला वाटलं, सुटलं. तिथेच माझं चुकलं. वेंडेलला मी शेजारी म्हणून ओळखत होते, चाचणीच्या टेबलामागचा माणूस म्हणून नाही.

पुढचे प्रश्न त्याने कधी न पाहिलेल्या गोष्टींबद्दलचे होते. लघुगणकं, कंसात मांडलेल्या आकड्यांच्या ओळी, ऋण संख्येचं वर्गमूळ. मुलं अशा ठिकाणी डोळे मिटून काहीतरी दाबतात आणि घरी जातात. वेंडेल दाबेना. एक प्रश्न आला आणि तो त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला. पेन्सिल उचलली नाही. डोळे पडद्यावर. आमच्याकडे हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून, माशाची वाट बघत माणसं अशीच बसतात.

इतर सगळे गेले. खोलीत आम्ही दोघं आणि संगणकांची घुंघुं.

कार्लीन दारापर्यंत आली. मी बाहेर गेले.

"काय करतोय तो आत?"

"बसलाय."

"म्हणजे?"

"मला एवढंच सांगता येतं. बसलाय."

तिने काचेतून पाहिलं आणि तिला कळलं. इतक्या वर्षांचा संसार होता. "त्याला येत नाहीये आणि दाबतही नाहीये," ती म्हणाली. "हो ना? नको सांगूस. लग्नाआधी मला 'आवडतेस' म्हणायला या माणसाने वर्ष घेतलं. मी विचारलं, एवढा वेळ? तर म्हणाला, खात्री करत होतो. माझी बहीण अजून हसते." ती हसली नाही. "मार्लिस, त्याला आत जाऊन सांग, की मी म्हणते दाब काहीतरी. माझ्या नावावर दाब म्हणावं."

"नाही सांगता येत गं."

"मग काय कामाची तू?" ती म्हणाली आणि लगेच माझा दंड धरला.

मी आत आले. पाचला थोडाच वेळ होता. नियम वाचून दाखवायला मुभा होती, म्हणून मी वाचून दाखवला. खोली वेळेवर बंद होईल. अपुऱ्या चाचणीचे गुण दिले जाणार नाहीत.

"म्हणजे जे केलं तेही जाणार?"

"अपुऱ्या चाचणीचे गुण दिले जाणार नाहीत."

"ऐकलं एकदा." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "पाच पर्याय आहेत, मार्लिस. 'माहीत नाही' हा त्यात नाही. असली कसली ही चाचणी? ज्याला माहीत नाही त्याने काय सांगायचं? मी इथे बोट ठेवलं की हापाला म्हणतो उत्तर हे आहे, असं होतं. आणि हापालाला तर माहीत नाही."

मी कितीतरी वर्षं त्या खोलीत मुलांना अंदाजाने दाबताना बघत आले होते आणि त्यात कुणी खोटं बोलतंय असं माझ्या मनातही आलं नव्हतं. खोलीतला उजेड एकदम कागदी वाटायला लागला. घड्याळाचा काटा दिसत होता आणि मला कार्लीनचं नाक काचेला टेकलेलं दिसत होतं.

वेंडेल मग स्वतःशीच बोलल्यासारखा बोलायला लागला. "काटा बिघडला की आम्ही रकान्यात आडवी रेघ मारायचो. रिकामं सोडायचं नाही. रिकामं म्हणजे माणूस विसरला. रेघ म्हणजे माणूस होता, पण मोजलेलं नाही." त्याने पाच पर्यायांवरून नजर फिरवली. "इथे रेघ कुठली?"

तो थांबला. मग सरळ बसला.

"सी," तो म्हणाला. "मधला. इथून पुढे जे मला माहीत नाही त्या सगळ्याला सी. एक सोडून एक नाही, नशिबावर नाही. सगळ्यांना एकच. कुणी बघितलं तर त्याला कळेल, की हे उत्तर नाही." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मार्लिस ओबर्ग, तुम्ही साक्षीदार."

"मला चाचणीबद्दल बोलता—"

"बोलू नका. ऐकलंत तेवढं बस."

त्याने सी दाबला. पुढचा प्रश्न पूर्ण वाचला, शेवटच्या शब्दापर्यंत, मान हलवली, सी दाबला. पुन्हा वाचला, पुन्हा सी. एकही प्रश्न त्याने न वाचता सोडला नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, की नुसतं दाब रे, वाचू नकोस, वेळ नाही. पण न वाचता माहीत नाही म्हणणं हेही त्याच्या लेखी खोटंच असणार.

प्रश्न सोपे होत गेले. ते मला त्याच्या पाठीवरून कळलं. एका प्रश्नापाशी त्याचा हात सी वर जाता जाता अडला. त्याने पेन्सिल उचलली.

घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघितलं.

त्याने दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं. ते त्याने उलटं करून बघायला घेतलं. मी टेबलाची कड धरली. बाहेर कार्लीनने डोळे मिटले. त्याने उलटं करून बघितलं, सुलटं केलं, आणि बी दाबलं.

"हे मोजलेलं आहे," तो पडद्याकडे बघत म्हणाला. आणखी एक सी. आणि एक. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर आलं, की चाचणी पूर्ण झाली आहे, कृपया खोलीतील कर्मचाऱ्याला सांगा.

"कर्मचारी," त्याने हाक मारली.

माझ्या टेबलाजवळचा छपाईयंत्राचा दिवा लुकलुकला आणि कागद बाहेर आला. वेंडेल उठून आला. मी कागद त्याच्याकडे दिला, न वाचता. त्याने तो आधी बोटांत धरून बघितला. जाडी बघत होता. सवय. मग वाचायला लागला, आणि मला दिसलं की तो खालून वर वाचतोय.

"महाविद्यालयीन बीजगणित: पात्र नाही," त्याने वाचलं. "बरोबर आहे." त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "हे अगदी बरोबर आहे."

"वरचं वाच रे माणसा," मी म्हणाले. चाचणी संपली होती. आता 'तू' म्हणता येत होतं.

त्याने वरचं वाचलं. बीजगणित: पात्र. त्याच्याही वर अभ्यासक्रमाचं नाव होतं, पाणी शुद्धीकरण, आणि त्यापुढे मंजूर. तो तसाच उभा राहिला. मग कागद माझ्या टेबलावर ठेवून त्याने दोन्ही तळहात त्यावर सपाट दाबले, जणू तो उडून जाईल.

कार्लीन दार ढकलून आत आली. "किती? काय? कुणीतरी बोला!"

त्याने कागद तिला दिला. तिने एक ओळ वाचली, त्याच्या छातीवर मूठ आपटली, पुन्हा आपटली, आणि त्या इस्त्रीच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. तो अवघडून उभा होता, एक हात तिच्या पाठीवर, दुसरा मोकळा. जरा वेळाने त्याने मोकळ्या हाताने कागद तिच्यासमोर धरला.

"खालचंही वाच."

"खालचं कशाला? मिळालं ना तुला!"

"वाच. तेही माझंच आहे."

तिने नाक पुसलं आणि मोठ्याने वाचलं. मी दिवे मालवायला उठले.